एंडोस्कोपी नॉर्मल, गोळी चालू, तरी छातीत जळजळ परत परत का येते? मी शोधलं ते सगळं

आमच्या घरात पित्ताचा त्रास दोघांना, मला आणि माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना. ऑक्टोबरमध्ये दोघांचीही दुर्बीण एकाच आठवड्यात झाली आणि रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले तर डोकं चालेना. मामांच्या अन्ननलिकेत लांबलचक जखमा, ग्रेड सी (म्हणजे बऱ्यापैकी गंभीर) लिहिलेलं, आणि मामा म्हणतात मला काय होत नाही, रात्री जरा खोकला येतो तेवढंच. माझी अन्ननलिका स्वच्छ, नॉर्मल, आणि मी आठवड्यातले चार-पाच दिवस छातीच्या मधल्या हाडामागं निखारा ठेवल्यासारखी तळमळतेय. जखम त्यांना आणि जळजळ मला, हे कसं काय?

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले असं असतं, जखम आणि जळजळ यांचा सरळ हिशोब नसतो. बरोबर आहे, पण का नसतो हे कळल्याशिवाय मला चैन पडेना, कारण दोन वर्षं झाली अ‍ॅसिड कमी करायच्या गोळ्या खातेय, बऱ्या वाटतात, बंद केल्या की परत येतं, आणि सीझन आला की गोळ्या चालू असतानाही येतं. सीझन म्हणजे आमचा शाळेच्या युनिफॉर्मचा. सोलापुरात युनिफॉर्म शिवणारी किती युनिट आहेत ते इथल्यांना सांगायला नको, मार्चपासून जूनपर्यंत बारा-बारा तास मशीनवर वाकून बसायचं, डबा कधी दोनला कधी चारला, मधी चहावर चहा. तेव्हा जे वाचलं, विचारलं, स्वतःवर करून बघितलं ते एका जागी लिहून ठेवतेय, असाच त्रास असलेल्या कुणाला तरी उपयोग होईल.

त्याआधी एक गोष्ट, कारण ही चुकली तर बाकी काही कामाचं नाही. छातीत जळतंय म्हणजे पित्तच असं धरून बसू नका. चालताना, जिना चढताना छाती भरून येत असेल आणि थांबल्यावर कमी होत असेल, घाम फुटत असेल, दुखणं डाव्या हाताकडं, जबड्याकडं, पाठीकडं जात असेल, दम लागत असेल, तर इनो पाण्यात टाकून वाट बघायची नाही, सरळ दवाखान्यात जाऊन ईसीजी काढायचा. आमच्या युनिटमधल्या एका काकांनी रात्रभर सोडा पिऊन काढली आणि सकाळी कळलं की हार्टअटॅक होता. वाचले, पण थोडक्यात. बायकांमध्ये तर हार्टचं दुखणं कधी कधी नुसतं मळमळ आणि थकवा असंही येतं. तसंच घास अडकायला लागला, वजन आपोआप उतरायला लागलं, संडास डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त दिसलं, रक्त कमी निघालं, तर घरगुती उपाय बाजूला ठेवायचे आणि दुर्बिणीसाठी जायचं.

आता मूळ मुद्दा. आपण सगळ्यालाच पित्त म्हणतो, पण खरं पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवा-पिवळा रस, तो लहान आतड्यात पडतो. छातीत जाळतं ते मुख्य म्हणजे जठरातलं अ‍ॅसिड. कधी कधी हे पित्तही मागं फिरून जठरात येतं आणि अ‍ॅसिडबरोबर वर चढतं, म्हणून दोन्ही शब्द ध्यानात ठेवा, पुढं लागतील. अन्ननलिका आणि जठर यांच्या मधी स्नायूंची एक कडी असते, तिला झडप म्हणूया. घास गिळला की ती उघडते आणि नंतर मिटते. पण घास न गिळताही ती अधनंमधनं आपोआप सैल पडते, दहा-वीस सेकंद, विशेषतः पोट तुडुंब भरून ताणलं गेलं की. ढेकर येतो तो यातनंच. हे सगळ्यांनाच होतं, म्हणजे थोडं अ‍ॅसिड वर येणं हा आजार नाही. मला आधी वाटायचं माझी झडप कायमची खराब झालीय, तसं नव्हतं.

मग काहींनाच का जळतं? जुनं उत्तर सोपं होतं, की अ‍ॅसिड वर येतं आणि भाजतं, जसं बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड हातावर पडलं तर. पण १९५८ मध्येच बर्नस्टाइन आणि बेकर या डॉक्टरांनी एक टेस्ट काढली होती. नाकातनं नळी घालून अन्ननलिकेत आधी मिठाचं पाणी आणि मग अगदी पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड थेंब थेंब सोडायचं, कधी काय सोडलं ते पेशंटला सांगायचं नाही. ज्यांना हा त्रास आहे त्यांना अ‍ॅसिड सुरू झालं की त्यांची नेहमीची जळजळ उठायची. पण तेच अ‍ॅसिड, तेवढंच, बऱ्याच निरोगी माणसांना काहीच करत नाही. म्हणजे अ‍ॅसिड एक आणि माणसं वेगळी. फरक अ‍ॅसिडात नाही तर ते जिथं पडतं त्या जागेत आहे, आणि मी दोन वर्षं फक्त अ‍ॅसिड कमी करायच्या मागं लागले होते.

अन्ननलिकेचं अस्तर म्हणजे पेशींचे थरावर थर, विटा घट्ट रचल्यासारखे, आणि दुखणं कळणाऱ्या नसा या थरांच्या आत खोलवर. भिंत घट्ट असेल तर अ‍ॅसिड वरनं वाहून जातं, नसांना पत्ता लागत नाही. ज्यांना त्रास आहे त्यांच्या अस्तराचा तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली बघितला तर पेशींमधल्या फटी रुंदावलेल्या दिसतात. दुर्बिणीत हे दिसत नाही. म्हणून माझ्यासारखीचा रिपोर्ट नॉर्मल येतो, भिंत वरनं छान रंगवलेली आणि सांध्यांमधनं पाणी झिरपतंय अशी गत.

फटी पडतात कशानं, तर इथं अमेरिकेतल्या डॅलसच्या टीमचं काम वाचून मला फार मोठा उलगडा झाला. सूझा आणि स्पेकलर यांच्या टीमनं २००९ मध्ये उंदरांवर प्रयोग केला, ऑपरेशन करून त्यांच्या अन्ननलिकेत जठरातला आणि आतड्यातला रस येईल असं केलं. अ‍ॅसिडनं भाजत असेल तर इजा वरनं सुरू होऊन आत जायला पाहिजे. झालं उलटं, सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशी आधी खोल थरात जमल्या आणि तिथनं हळूहळू वरच्या बाजूला सरकल्या, वर जखम दिसायला कित्येक दिवस, आठवडे गेले. माणसाच्या अन्ननलिकेच्या पेशींवर त्यांनी अ‍ॅसिड आणि पित्तातले क्षार एकत्र टाकून बघितले, तर पेशींनी स्वतःच सूज बोलावणारी रसायनं सोडली. मग २०१६ मध्ये त्याच शहरात १२ पेशंट घेतले, ज्यांच्या मोठ्या जखमा गोळ्यांनी बऱ्या झाल्या होत्या, त्यांच्या गोळ्या बंद केल्या आणि एक आठवड्यानं, दोन आठवड्यानं अस्तराचे तुकडे तपासले. तिथंही तसंच, वरनं भाजल्याची खूण नसलेल्या जागेतसुद्धा आत लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जमलेल्या. संशोधक त्यावरनं म्हणतात की अ‍ॅसिड पेशींना चिथावतं आणि पुढचं नुकसान आपल्याच शरीराची सूज करते. बारा माणसं म्हणजे काही फार नाहीत, पण यावरनं मला एक कळलं, की गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी जळजळ गेली नाही म्हणून गोळी बेकार असं नसतं, आतली सूज उतरायला वेळ लागतो.

आता मामांचं आणि माझं कोडं. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या टीमनं नेमकं हेच तपासलं, की या नसा किती खोल आहेत. निरोगी माणसांत नसा खोल. ज्यांना जखमा आहेत त्यांच्यातही जवळपास तशाच खोल. पण ज्यांना दुर्बिणीत काही दिसत नाही आणि तरी जळतं, त्यांच्या नसांची टोकं अस्तरात वर, पृष्ठभागाच्या जवळ आलेली. हे वाचलं तेव्हा खरं सांगते डोळ्यात पाणी आलं, कारण दोन वर्षांत मी कितीदा ऐकलंय की रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका, तुमच्या मनाचं आहे. मनाचं नाही हो. मामांचं वय एकाहत्तर, वयाबरोबर ही जळजळ जाणवणं कमी होतं आणि जखमा मात्र जास्त असू शकतात, म्हणून म्हाताऱ्या माणसाला जळत नाही म्हणजे बरंय असं समजायचं नाही. रात्रीचा कोरडा खोकला, सकाळी आवाज बसलेला, याच खुणा होत्या आणि आम्ही तंबाखूचा खोकला म्हणून सोडून दिल्या.

त्या नसांच्या टोकावर अ‍ॅसिड ओळखणारी दारं असतात. त्यातलं एक म्हणजे टीआरपीव्ही-१, डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमनं ते १९९७ मध्ये शोधलं आणि २०२१ चं नोबेल त्यांना मिळालं. शोधलं कशावरनं, तर मिरचीवरनं! मिरचीतलं कॅप्सायसिन जे दार उघडतं तेच दार साधारण ४३ अंशाच्या वरच्या उष्णतेनं उघडतं आणि अ‍ॅसिडनंही उघडतं. म्हणून मिरची "तिखट जाळते", चहा "भाजतो" आणि अ‍ॅसिड "जळजळतं", तिन्हीला आपण जाळ हाच शब्द वापरतो, मेंदूला तिन्ही बातम्या एकाच दारातनं जातात. त्यात अ‍ॅसिड आजूबाजूला असलं की हे दार उघडायची पातळी खाली येते, इतकी की शरीराच्या नेहमीच्या तापमानालाही ते उघडू शकतं. आता सोलापुरी जेवण डोळ्यासमोर आणा, काळ्या तिखटाची आमटी, ठेचा, वर कडकडीत चहा, आणि आधीच अ‍ॅसिडनं चिथावलेलं अस्तर. तिखटानं अ‍ॅसिड जास्त वर येतं असं नाही, वर आलेलं जास्त जाणवतं. एवढंच दार असतं तर सोपं झालं असतं, पण ते बंद करणारं औषध पेशंटवर वापरून बघितलं तरी जळजळ कमी झाली नाही, म्हणजे अ‍ॅसिड ओळखणारी दुसरीही दारं कामाला असतात.

आणि झोप. याकडं कुणी लक्ष देत नाही. डॉ. रॉनी फास यांच्या टीमनं २००७ मध्ये या त्रासाच्या पेशंटना एकदा नीट झोपू दिलं आणि एकदा तीन तासांपेक्षा जास्त झोपू दिलं नाही, मग अन्ननलिकेत अ‍ॅसिड सोडलं. कमी झोपेनंतर जळजळ लवकर सुरू झाली आणि जोरातही. सीझनमध्ये मी रात्री साडेबाराला झोपून पाचला उठते. मग मार्च ते जूनचं गणित मला लगेच सुटलं, वाकून बसणं, उशिरा जेवण, पोट ताणलेलं, वर झोप नाही.

नोव्हेंबरमध्ये डॉक्टरांनी अन्ननलिकेतलं अ‍ॅसिड मोजायची २४ तासांची पीएच टेस्ट सांगितली, ती पुण्यात केली. हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी गेले. नाकातनं बारीक नळी घालतात, कमरेला डबी बांधतात, जळलं की बटण दाबायचं, काय खाल्लं, कधी आडवं झाले ते लिहून ठेवायचं. एक सांगते, ही टेस्ट करणार असाल तर त्या दिवशी पथ्यावर राहू नका, नेहमीचं खा, नाहीतर पैसे वाया जातील. मी बहिणीकडं राहिले, तिनं मुद्दाम ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि आमटी केली. रिपोर्ट असा आला की अन्ननलिकेत अ‍ॅसिड असण्याचा वेळ चार टक्क्यांच्या आत, म्हणजे नॉर्मल, पण मी बटण दाबलं तेव्हा बहुतेक वेळा खरंच काहीतरी वर आलेलं होतं. थोडंसंच येतं, पण प्रत्येक वेळी कळतं. याला रिफ्लक्स हायपरसेन्सिटिव्हिटी म्हणतात. बटण दाबलं तेव्हा काहीच वर आलेलं नसतं तर त्याला फंक्शनल हार्टबर्न म्हणाले असते, आणि त्यात अ‍ॅसिडच्या गोळ्यांचा फार उपयोग नसतो. म्हणजे नुसतं "जळतंय" यावर तिघांना (एकाला अ‍ॅसिड खरंच जास्त, एकाला थोडंच पण जाणवणारं, एकाला अ‍ॅसिडचा संबंधच नाही) तीन वेगळ्या वाटा निघतात, म्हणून तीन-चार महिने नीट गोळी घेऊनही जात नसेल तर या टेस्टचं डॉक्टरांना विचारा.

टेस्टसाठी आधी सात दिवस गोळी बंद ठेवावी लागली आणि ते सात दिवस फार वाईट गेले. मला वाटलं आजार वाढला. नंतर कळलं की गोळी बरेच दिवस घेऊन एकदम थांबवली की जठर काही दिवस जास्तच अ‍ॅसिड करतं. डेन्मार्कमध्ये २००९ मध्ये १२० निरोगी लोकांवर बघितलं, काहीच त्रास नसलेल्यांना आठ आठवडे गोळी देऊन बंद केली तर नंतरच्या आठवड्यांत ४४ टक्क्यांना जळजळ वगैरे व्हायला लागली, नुसत्या खोट्या गोळीवाल्यांत १५ टक्क्यांना. तेव्हा "बंद केलं की येतं म्हणजे मला जन्मभर लागणार" हा निष्कर्ष लगेच काढू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवा. मामांसारख्या जखमा असतील तर मात्र स्वतःच्या मनानं अजिबात बंद करायची नाही.

गोळी घेण्यातली आमची चूकही सांगते. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल या जातीच्या गोळ्या आम्ही जेवण झाल्यावर, जळायला लागल्यावर घ्यायचो. या गोळ्या जठरातले अ‍ॅसिडचे पंप बंद करतात, पण जे पंप त्या वेळी चालू आहेत तेच, आणि पंप चालू होतात जेवणानं. रक्तात गोळी तासा-दोन तासापुरतीच असते. म्हणून नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी उपाशीपोटी घ्यायची, रोज, पूर्ण जोर यायला तीन-चार दिवस लागतात. मामा तर तंबाखूची चिमूट, मग चहा, मग गोळी असं करायचे. नुसती वेळ बदलली तर मामांचा खोकला पंधरा दिवसांत निम्म्यावर आला.

बाकी काय केलं ते. मशीनचं स्टूल उंच करून घेतलं, आता पोटाची घडी पडत नाही, आणि जेवणानंतर पहिला तासभर मी उभ्यानं करायचं काम घेते, काज-बटण तपासणं, घड्या घालणं. याला कारण आहे, जेवणानंतर ताजं अ‍ॅसिड जेवणात पूर्ण मिसळत नाही, झडपेच्या अगदी खाली त्याचा वेगळा थर साचतो. ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये हे दाखवलं. पोट जेवणानं भरलेलं असताना अ‍ॅसिड पातळ व्हायला पाहिजे, तरी जेवणानंतरच जास्त का जळतं, हे कोडं यानं सुटतं. अशा वेळी वाकलं की तोच थर वर येतो. अल्जिनेटचं पातळ औषध मिळतं ते या थरावर तवंगासारखं तरंगतं, जेवणानंतर मला त्याचा चांगला उपयोग झाला.

खाण्यात सगळं सोडलं नाही. महिनाभर वहीत लिहिलं, त्यात भाकरीनं कधीच त्रास नव्हता, आमटी थोडी असेल तर चालते, पण शेंगाचटणीवर तेल ओतून आणि रात्री साडेदहाला, मग नक्की. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असतं, तेलानं पोट हळू रिकामं होतं आणि झडप सैल पडते. शेंगाचटणी आता दुपारी, चमचाभर, वरनं तेल नाही. तुमचं वेगळं असेल, म्हणून दुसऱ्याची यादी घेऊन सगळं सोडू नका, वही करा. तंबाखूतलं निकोटीन झडप ढिली करतं, मामांची तंबाखू अजून सुटली नाही पण रात्रीची बंद झालीय.

रात्रीचं जेवण आणि झोप यात तीन तास. झोपेत आपण फार कमी गिळतो, लाळ जवळपास थांबते, आणि वर आलेलं अ‍ॅसिड धुऊन काढायचं काम लाळच करते, त्यामुळं रात्री आलेलं तिथंच बसतं. मामांच्या खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा दिल्या, साधारण सहा इंच. उशीवर उशी देऊन तो फायदा होत नाही, उलट पोट दुमडतं. डाव्या कुशीवर झोपायचं, तसं झोपलं की जठर झडपेच्या खाली राहतं, उजव्या कुशीवर उलटं होतं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई आधीपासून म्हणायच्याच की जेवल्यावर डाव्या कुशीवर पड. जेवणानंतर बडीशेप नाहीतर च्युइंगगम चघळते, लाळ सुटते म्हणून.

माझ्या नसांसाठी डॉक्टरांनी रात्री एक अगदी कमी डोसची गोळी दिलीय, ती एरवी डिप्रेशनसाठी असते पण एवढ्या कमी डोसमध्ये नसांची धार कमी करायला देतात. ही स्वतःहून घ्यायची नाही. आणि पोटानं श्वास घेण्याचा व्यायाम, जेवणानंतर दहा मिनिटं, छाती न हलवता पोट फुगवून हळू सोडायचा. झडपेभोवती श्वासपटलाचा स्नायू असतो, तो या व्यायामानं मजबूत होतो, त्यावर परदेशात चाचण्याही झाल्यात आणि फायदा दिसलाय. मला पहिला आठवडा काही कळलं नाही, तिसऱ्या आठवड्यात बटण दाबायच्या वेळा, म्हणजे आता वहीतल्या फुल्या, आठवड्याला अकरावरनं चारवर आल्या.

मामांची दुर्बीण परत करायचीय, जखमा भरल्या का आणि खालचं अस्तर बदललेलं तर नाही ना ते बघायला. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा झाली की जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात न्यायचं ठरलंय, यात्रेआधी मामा यायला तयार नाहीत.